उंदरांच्या मेंदूवरील प्रयोग आणि पिंजरा : या चुका टाळा

कोल्हापुरात पदव्युत्तर प्रकल्पासाठी उंदरांवर काम करणारे विद्यार्थी औषधाची मात्रा मिलिग्रॅमपर्यंत नोंदवतात. प्राणी कसे ठेवले होते हे मात्र 'प्रमाणित पिंजऱ्यात' एवढ्यावरच भागवतात. विषय दृष्टी, श्रवण किंवा स्पर्श यांचा असेल, तर ही चूक फार महागात पडते.

साधा पिंजरा तटस्थ असतो, हा समज मुळातच चुकीचा आहे. उंदराचा एक डोळा काही दिवस बंद ठेवला, की दृष्टी-कॉर्टेक्सचा, म्हणजे मेंदूतील दृष्टी सांभाळणाऱ्या भागाचा, प्रतिसाद उघड्या डोळ्याकडे झुकतो. जर्मनीतील ग्योटिंगेन येथील संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवून दिले, की साध्या पिंजऱ्यात वाढलेल्या उंदरांत ही लवचिकता वयाच्या सुमारे ११० दिवसांनंतर दिसेनाशी होते. प्रशस्त जागा, सोबती, धावचक्र आणि बदलती खेळणी मिळालेल्या उंदरांत मात्र ती टिकून राहते. म्हणजे 'वयामुळे लवचिकता संपली' असे आपण लिहितो, तेव्हा त्यात कोंडलेल्या जगण्याचाही वाटा असू शकतो.

मात्र अशा समृद्ध पिंजऱ्यात सगळेच एकदम बदलले, तर परिणाम कशाचा हे सांगता येत नाही. नुसते धावचक्रही पुरेसे ठरू शकते, म्हणून फक्त चाक असलेला तिसरा गट ठेवावा. याहून सर्रास होणारी चूक संख्याशास्त्रातली आहे. एका पिंजऱ्यातले चार उंदीर म्हणजे चार स्वतंत्र नमुने नव्हेत, कारण वातावरण पिंजऱ्याला दिलेले असते. तेव्हा पिंजऱ्यांची संख्या वाढवावी, आणि मार्गदर्शकांनी हे नैतिक समितीकडे अर्ज जाण्यापूर्वीच पाहावे.

निकाल विचित्र आले, तर आधी प्राणी तपासावेत. सी३एच वाणाच्या उंदरांच्या दृष्टिपटलातील प्रकाशग्राही पेशी जन्मानंतर काही आठवड्यांतच नष्ट होतात. त्यांच्यावर दृष्टीचा प्रयोग करणे व्यर्थ आहे. सी५७ वाणात उच्च वारंवारतेचे ऐकणे तरुणपणीच घटू लागते. स्पर्शासाठी मिशांचा अभ्यास असेल, तर भिंग घेऊन प्रत्येक गाल पाहावा, कारण एक उंदीर इतरांच्या मिशा मुळाशी कुरतडतो आणि स्वतःच्या शाबूत ठेवतो.

पावसाळ्यात वीज गेल्यावर दिव्याचा टायमर मागे पडतो, त्यामुळे घड्याळाशी रोज ताळा करावा. गणेशोत्सवात डॉल्बी दणाणत असताना श्रवणाच्या चाचण्या ठेवूच नयेत.