डीप आर्काइव्हमध्ये गेलेली फाईल परत कशी मागवावी

अ‍ॅमेझॉन एस३ या ऑनलाइन साठवण सेवेतल्या बकेटला (फायली ठेवायच्या कप्प्याला) लाइफसायकल रूल, म्हणजे ठरावीक दिवसांनी फायली हलवणारा नियम, लावला की जुन्या फायली आपोआप ग्लेशिअर या स्वस्त साठवणुकीत (डीप आर्काइव्ह हा तिचाच एक प्रकार) जातात आणि साठवणुकीचे बिल उतरते. रूल कसा लावावा हे सगळेच सांगतात. फाईल परत हवी झाली की मात्र ‘रिस्टोर करा’ एवढ्यावर बोळवण करतात, आणि अडचण नेमकी तिथेच असते.

१. कन्सोलमध्ये (सेवेच्या वेबपानावर) फाईलचा स्टोरेज क्लास, म्हणजे ती कोणत्या प्रकारच्या साठवणुकीत आहे, ते पाहा. नाव आणि आकार दिसूनही डाउनलोड होत नसेल, तर फाईल खराब झाली असे समजू नका; ती ग्लेशिअरमध्ये गेलेली असू शकते.

२. रिस्टोरची मागणी नोंदवा. रिस्टोर म्हणजे डाउनलोड नव्हे. ती तात्पुरती प्रत तयार करून देण्याची विनंती असते. ग्लेशिअर फ्लेक्सिबल रिट्रीव्हल या प्रकारात ‘स्टँडर्ड’ वेगाला ३ ते ५ तास आणि ‘बल्क’ला ५ ते १२ तास लागतात, तर छोट्या फायली ‘एक्सपिडाइटेड’ने सहसा १ ते ५ मिनिटांत मिळतात. डीप आर्काइव्हला ही घाईची सोय नाही: तिथे स्टँडर्डला १२ तासांपर्यंत, बल्कला ४८ तासांपर्यंत थांबावे लागते. तीच मागणी पुन्हा पुन्हा केल्याने वेळ कमी होत नाही, म्हणून ताटकळणाऱ्या माणसाला खरी वेळ आधीच सांगावी.

याच पडद्यावर प्रत किती दिवस ठेवायची हा आकडा विचारला जातो, आणि तो विचार न करता भरू नये. एका संस्थेच्या जुन्या दस्तांचे स्कॅन मी दिवाळीच्या सुट्टीच्या तोंडावर मागवले, काटकसर म्हणून ‘१’ भरले. प्रत सुट्टीतच तयार झाली आणि आम्ही कामावर येईपर्यंत तिची मुदत संपली. मूळ फाईल सुरक्षित होती, पण पुन्हा दोन दिवस गेले आणि परगावाहून आलेल्या अभ्यासकाला दस्त न पाहताच परतावे लागले, याचे मला आजही वाईट वाटते. मोजक्या फायलींसाठी सरळ ७ दिवस भरा. तेवढ्या दिवसांच्या जादा साठवणुकीचा खर्च किरकोळ असतो. मुदत यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेच्या मध्यरात्री, म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेपाचला संपते, हेही ध्यानात ठेवा.

३. प्रत तयार होताच ती आपल्या डिस्कवर उतरवा.

४. मग रूल तपासा. लाइफसायकल रूल फाईलचे वय ती चढवल्याच्या तारखेपासून मोजतो, शेवटच्या वापरापासून नव्हे. त्यामुळे रोज उघडली जाणारी, पण न बदलणारी दस्तसूचीही मुदत भरली की आत जाते, आणि मग कोणती फाईल मागवायची हेच कळेनासे होते. सूची आणि छोट्या आकाराची चित्रे वेगळ्या प्रीफिक्सखाली (फाईलच्या नावाआधीच्या फोल्डरसारख्या भागाखाली) ठेवा आणि रूल फक्त मूळ स्कॅनच्या प्रीफिक्सला लावा.