ह्युमिडिफायर वापरताय? या चुका टाळा

माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या अल्ट्रासॉनिक ह्युमिडिफायरपैकी (कंपनांनी पाण्याचे तुषार उडवून खोलीच्या हवेत ओलावा आणणारी मशीन) बहुतेकांना नवा पार्ट लागतच नाही. ‘धूर येत नाही’ अशी तक्रार असते. टाकी उचलली की तळाच्या चकतीवर क्षारांचा पांढरा थर दिसतो. थर साफ होतो. वाईट वाटतं ते त्या थरावर सुरीचे ओरखडे दिसले की.

ही चकती पिझो सिरॅमिकची (वीज मिळाली की थरथरणारा पदार्थ) असते, नाण्याएवढी, आणि सेकंदाला साधारण १७ लाख वेळा थरथरते. त्यानेच पाण्याचे बारीक तुषार उडतात. तिच्यावर धातूचा पातळ मुलामा असतो, तो खरवडला की चकती कामातून गेली. वाघोलीच्या एका गृहस्थांनी मशीन आणलं तेव्हा चकतीच्या मधोमध खड्डा पडला होता. घरात बाळाला सर्दी, नाक चोंदलेलं, म्हणून रात्रीच स्क्रूड्रायव्हर घेऊन बसले. मशीन लगेच चालू झालं आणि थोड्याच दिवसांत कायमचं बसलं. चकती बदलावी लागली. अर्धा तास धीर धरला असता तर खर्च वाचला असता.

मी करतो ते असं. प्लग काढायचा. वाटीभर कोमट पाण्यात चमचाभर सायट्रिक ॲसिड विरघळवून चकती बुडेल इतकं ओतायचं आणि अर्धा तास हात लावायचा नाही. मग कान साफ करायच्या कापसाच्या काडीने हलकेच पुसायचं. थर उरला तर पुन्हा भिजवायचं, जोर करायचा नाही. व्हिनेगरनेही काम होतं, पण त्याचा वास मला झोपायच्या खोलीत नको वाटतो. धुताना बूड नळाखाली धरू नका. हवा येते त्या भोकातून पाणी पंख्यात आणि सर्किटात जातं.

त्याच गृहस्थांकडे टँकरचं पाणी. “पण आम्ही उकळून घालतो,” ते म्हणाले. हे मी इतक्यांदा ऐकलंय! उकळल्याने जंतू मरतात. क्षार थोडे भांड्याच्या तळाला बसतात, बाकीचे पाण्यातच राहतात आणि तुषारांबरोबर खोलीभर उडतात. टीव्हीवर, काळ्या कपाटावर बसणारी पांढरी पूड ती हीच. ह्युमिडिफायर लावला की एअर प्युरिफायरचा दिवा लाल होतो, त्यामागेही बऱ्याचदा तीच असते. टीव्ही पुसता येतो, बाळाच्या छातीत गेलेलं कसं पुसणार? आरओचं किंवा डिस्टिल्ड पाणी घाला. बोअरचं तर अजिबात नको.

कालचं पाणी आज चालवू नका. या मशीनमध्ये पाणी तापत नाही, त्यामुळे टाकीत जे वाढलंय ते जिवंतच बाहेर येतं. रोज रिकामी करा, दर तिसऱ्या दिवशी घासा. बोटाला बुळबुळीत लागलं तर त्या रात्री मशीन बंदच ठेवा.

यावर शॉर्टकट म्हणून पाण्यात जंतुनाशक टाकणारेही भेटतात. कृपा करून नको. दक्षिण कोरियात ह्युमिडिफायरच्या पाण्यात घालायची जंतुनाशकं १९९४ पासून दुकानात सर्रास मिळत होती. फुप्फुसं निकामी होऊन माणसं दगावली, त्यात लहान मुलं आणि गरोदर बायका होत्या. कारण उघड व्हायला २०११ उजाडलं. भांडी पुसायला जे चालतं ते श्वासातून आत गेलं की वेगळंच वागतं.

निलगिरीचं किंवा लव्हेंडरचं तेल टाकीत नको, प्लास्टिकला तडे जातात. वेगळा कप्पा असेल तरच. ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र कधीही नको, विषारी क्लोरीन वायू सुटतो.

आणि आधी एक हायग्रोमीटर, म्हणजे हवेतली आर्द्रता मोजायचं यंत्र, घ्या. नागपूरच्या मे महिन्यात किंवा रात्रभर एसी चालणाऱ्या खोलीत ह्युमिडिफायरची गरज समजते. मुंबईत जुलैमध्ये तो लावणारे पाहिले की मला कळतच नाही काय बोलावं. आर्द्रता ५० टक्क्यांच्या वर नेऊ नका, ६० ओलांडली की भिंतीला बुरशी धरते. पावसाळ्यात मशीन धुऊन, टाकी उघडी ठेवून पूर्ण वाळवा आणि मगच खोक्यात भरा.