प्रथिन-औषधांवर प्रवाहाचा परिणाम कसा तपासावा

इन्सुलिन किंवा प्रतिपिंडे यांसारखी प्रथिन-औषधे कारखान्यातल्या पंपापासून रुग्णाला टोचल्या जाणाऱ्या सुईपर्यंत वाहत येतात, आणि वाटेत द्रावण गढूळ झाले की दोष सहसा प्रवाहातील कर्तनाला, म्हणजे शिअरला (द्रवाचे थर वेगवेगळ्या वेगाने एकमेकांवरून घसरण्याला) दिला जातो. शिवाजी विद्यापीठात किंवा कोल्हापुरातील महाविद्यालयांत या विषयावर प्रकल्प करणाऱ्यांनी तो दोष मान्य करण्यापूर्वी हवा, पृष्ठभाग आणि तापमान यांचा वाटा वेगळा काढावा.

आधी कागदावर हिशेब करावा. नळीच्या भिंतीजवळचा कर्तन-दर, म्हणजे शेजारच्या थरांचा वेग किती झपाट्याने बदलतो ते काढण्यासाठी दर सेकंदाच्या प्रवाहाला ४ ने गुणून त्यास पाय (π) आणि त्रिज्येचा घन यांच्या गुणाकाराने भागावे. २७ क्रमांकाच्या, सुमारे ०.२१ मिलिमीटर आतील व्यासाच्या सुईतून १ मिलिलिटर द्रावण १० सेकंदांत ढकलले, तर हा दर सेकंदाला सुमारे १,१०,००० येतो. मात्र १३ मिलिमीटर लांबीच्या सुईत द्रवाचा मुक्काम जेमतेम ४ ते ५ मिलिसेकंदांचा असतो. आकडा मोठा दिसतो म्हणून घाबरू नये. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सायटोक्रोम-सी हे लहान गोलाकार प्रथिन सेकंदाला सुमारे २,००,००० इतक्या दरालाही उलगडले नाही, म्हणजे त्याची घडी मोडली नाही. याउलट रक्तातील व्हॉन विलेब्रँड घटक (रक्त गोठण्यास मदत करणारे प्रथिन) सेकंदाला सुमारे ५,००० दरालाच उलगडतो, कारण त्याचे रेणू अतिशय लांब साखळ्यांचे असतात.

आता प्रयोग. प्रथिन फॉस्फेट बफरमध्ये विरघळवून ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळावे आणि एकाच द्रावणाचे भाग करावेत. पहिला भाग न हलवता ठेवावा. दुसरा अर्ध्या भरलेल्या नळीत, तर तिसरा एकही बुडबुडा न राहील अशा काठोकाठ भरलेल्या नळीत घालून दोन्ही एकाच गतीने, तितकाच वेळ फिरवावेत. ही दोन नळ्यांची तुलनाच प्रयोगाचा कणा आहे, कारण प्रथिने हवा आणि पाणी यांच्या सीमेवर जमून तिथेच उलगडतात. अंड्यातला पांढरा भाग फेटल्यावर येणारा टिकाऊ फेस याच कारणाने तयार होतो. दुसरी नळी गढूळ आणि तिसरी स्वच्छ राहिली, तर दोष हवेच्या सीमेचा समजावा. पुष्टीसाठी दुसऱ्यासारख्याच आणखी एका नळीत ०.०२ टक्के पॉलिसॉर्बेट ८० (हवेच्या सीमेवर प्रथिनाची जागा घेणारा, साबणासारखा पदार्थ) घालून पाहावे; गढूळपणा घटला, तर दोष सीमेचाच.

सुईचा भाग स्वतंत्रपणे करावा. प्लास्टिकच्या सिरिंजच्या आत बहुधा सिलिकॉन तेल लावलेले असते आणि त्याच्याही सीमेवर प्रथिन चिकटते, म्हणून काचेची, तेल नसलेली सिरिंज घ्यावी. एक भाग बारीक सुईतून आणि दुसरा रुंद सुईतून, सारख्याच वेळा आणि हवा न ओढता पाठवावा. बारीक सुईच्या तोंडाशी रुंद प्रवाह एकदम आखडतो आणि द्रव ताणला जातो. २०१७ साली लीड्स विद्यापीठाच्या संशोधकांनी अशा ताणणाऱ्या प्रवाहात अल्ब्युमिन आणि प्रतिपिंडे यांचे गोळे होतात असे दाखवले. म्हणून केवळ नळीतील कर्तन-दर नोंदवून भागत नाही, सिरिंजचा आतील व्यासही लिहावा.

सर्व नळ्या २५ अंशांच्या पाणस्नानात ठेवाव्यात. एप्रिल-मे महिन्यांत कोल्हापुरातील दुपारी मेजावर राहिलेल्या नळीशी तुलना केली, तर तापमानाचा परिणाम प्रवाहाच्या नावावर जमा होईल.

मोजमापासाठी ३५० नॅनोमीटरवर गढूळपणा पाहावा. मग सेंट्रिफ्यूज करून वरच्या स्वच्छ द्रवातील प्रथिन २८० नॅनोमीटरवर मोजावे, म्हणजे किती प्रथिन गोळ्यांत किंवा भिंतीवर गेले ते कळते. सूक्ष्म गोळे यांतून निसटतात, त्यासाठी आकारानुसार वेगळे करणारी क्रोमॅटोग्राफी लागते. सरावाला गाईच्या रक्तातील अल्ब्युमिन चालेल, परंतु ते दणकट असल्यामुळे त्यावर परिणाम दिसला नाही म्हणून आपले खरे औषधही सुरक्षित आहे असे लिहू नये.