फाइल आर्काइव्हरमधील दोष कसे दुरुस्त करावेत आणि त्याची देखभाल कशी करावी

फाइल आर्काइव्हर, म्हणजे अनेक फाइली एकत्र बांधून त्यांचा एकच संग्रह तयार करणारा आणि मागाहून त्या जशाच्या तशा काढून देणारा प्रोग्रॅम, बाहेरून साधा दिसतो. त्यातला दोष मात्र फार काळ मागे राहतो. चित्रे दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये चूक असली, तर नवी आवृत्ती घेतल्यावर चित्र नीट दिसू लागते. आर्काइव्हरने संग्रह चुकीचा लिहिला असेल, तर दुरुस्त आवृत्ती आल्यावरही तो चुकीचाच राहतो आणि तोपर्यंत मूळ फाइली बहुधा पुसून टाकलेल्या असतात. म्हणून अशा प्रोग्रॅमची देखभाल अंगावर घेणाऱ्याने कामाचा क्रम लोकांचा डेटा सुरक्षित राहण्याच्या दृष्टीने लावावा. पुढील पायऱ्या मुख्यतः झिप आणि टार या सर्वाधिक आढळणाऱ्या दोन रचनांच्या आधारे दिल्या आहेत.

१. तक्रार आली की आधी फाइल सांभाळावी

संग्रह उघडत नाही अशी तक्रार करणाऱ्याला सर्वांत आधी हे सांगावे, की त्या फाइलवर दुरुस्तीचे कोणतेही साधन चालवू नये. तिची प्रत काढून मूळ फाइल बाजूला ठेवावी. त्यानंतर संग्रह कोणत्या प्रोग्रॅमच्या कोणत्या आवृत्तीने बनवला, कोणत्या ऑपरेटिंग सिस्टीमवर बनवला आणि तो इथपर्यंत कसा पोहोचला हे विचारावे. संग्रहात खासगी कागदपत्रे असण्याची शक्यता मोठी असते. त्यामुळे पूर्ण फाइल मागण्याऐवजी त्याच आकाराच्या आणि त्याच धाटणीच्या नावांच्या बनावट फाइलींवर तीच अडचण येते का, ते पाहायला सांगावे.

दोष प्रोग्रॅममध्ये आहे की फाइलच खराब झाली आहे, हे यानंतर ठरवावे. झिप संग्रहाची अनुक्रमणिका फाइलच्या शेवटी असते आणि तिच्याही मागे किमान २२ बाइटची समाप्तीची नोंद असते. डाउनलोड अर्धवट राहिले असेल, तर नेमका हाच भाग नसतो, आणि तेवढे पाहिले तरी पुष्कळ तक्रारींचा उलगडा होतो. हेक्स व्ह्यूअरमध्ये, म्हणजे फाइलमधील बाइट जसेच्या तसे दाखवणाऱ्या साधनात, फाइल उघडल्यावर सुरुवातीला पी आणि के ही दोन रोमन अक्षरे दिसावीत. १९८९ मध्ये ही रचना प्रसिद्ध करणारे फिल कॅट्झ यांची ती आद्याक्षरे आहेत. शेवटच्या नोंदीचा आरंभही याच दोन अक्षरांनी होतो. तीच फाइल दुसऱ्या आर्काइव्हरने उघडून पाहणे उपयोगाचे असले, तरी दोन्ही प्रोग्रॅम आतून झेडलिब ही डेटा दाबण्याची एकच लायब्ररी (तयार कोडचा संच) वापरत असतील, तर त्यांच्या एकमताला फारसा अर्थ नसतो. पडताळणीसाठी वेगळ्या पायावर उभा असलेला प्रोग्रॅम निवडावा.

२. दोषांचा क्रम लावावा

काहीही न सांगता डेटा गमावणारा दोष सर्वांत वर ठेवावा. त्याखाली सुरक्षेचे दोष, मग संग्रह न उघडण्याचे, आणि शेवटी दिसण्यातले. प्रोग्रॅम बंद पडला हे वापरकर्त्याला निदान कळते. ‘काम पूर्ण झाले’ असे सांगून एखादी फाइल वगळली गेली, तर ते वर्षानुवर्षे कळत नाही.

३. दोष पुन्हा घडवून आणावा आणि आधी चाचणी लिहावी

जो दोष हवा तेव्हा घडवून आणता येत नाही, त्याला हात लावू नये. तो घडवणारा लहानात लहान संग्रह तयार करावा, त्यावर नापास होणारी चाचणी लिहावी आणि त्यानंतरच कोड बदलावा. पूर्वी ठीक चालणारी गोष्ट बिघडली असेल, तर गिट या कोडमधील बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनातील बायसेक्ट ही सोय वापरावी. जुन्या-नव्या बदलांची दरवेळी निम्म्याने विभागणी करत ती नेमक्या बदलापर्यंत पोहोचवते.

मोठ्या फाइलींचा दोष उदाहरणादाखल सविस्तर पाहू. मूळ झिप रचनेत फाइलचा आकार ३२ बिटांत नोंदवला जातो, त्यामुळे ४,२९,४९,६७,२९५ बाइटपेक्षा मोठा आकडा तिथे मावत नाही. त्यासाठी झिप६४ ही वाढीव रचना आहे. पण प्रोग्रॅमने ती वापरायचे टाळले आणि आकडा तपासलाही नाही, तर ५ जीबीच्या फाइलचा आकार १,०७,३७,४१,८२४ बाइट, म्हणजे अवघा १ जीबी, असा नोंदला जातो. संग्रह बनताना कोणतीही चूक दिसत नाही. उघडताना मात्र पहिला १ जीबी काढून प्रोग्रॅम थांबतो किंवा फाइल खराब असल्याचे सांगतो.

या दोषाची चाचणी लिहिण्यासाठी ५ जीबीची फाइल कोडसोबत साठवण्याची गरज नाही. चाचणी चालतानाच फक्त शून्यांनी भरलेली फाइल तयार करावी. डिफ्लेट ही झिपमधील डेटा दाबून लहान करण्याची पद्धत अशी फाइल सुमारे हजारपटीने दाबते, त्यामुळे संग्रह ५ एमबीच्या आसपासच राहतो. पण इथे थांबणाऱ्याची फसगत होते. या चाचणीत केवळ मूळ आकाराचा रकाना भरून वाहतो. दाबलेल्या आकाराचा रकाना आणि फाइल संग्रहात कुठे सुरू होते ते सांगणारा रकाना, हे दोन्ही ३२ बिटांचेच असतात आणि त्यांची परीक्षा घ्यायची, तर फाइल न दाबता साठवावी लागते आणि तिच्यामागे आणखी एक लहान फाइल जोडावी लागते. फाइलींच्या संख्येचा रकाना तर १६ बिटांचा आहे, म्हणून ६५,५३५ आणि ६५,५३६ रिकाम्या फाइलींचीही एकेक चाचणी हवी. मर्यादेच्या एक अलीकडे, नेमके मर्यादेवर आणि एक पलीकडे, अशा तिन्ही ठिकाणी तपासावे.

नावांच्या बाबतीतही अशीच काळजी घ्यावी. यूटीएफ-८ या अक्षरे बाइटमध्ये लिहिण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. जुन्या टार रचनेत नावासाठी १०० बाइटच असतात. म्हणजे काना, वेलांटी, हलन्त ही चिन्हे वेगळी मोजली तर जेमतेम ३३ चिन्हे मावतात आणि नाव बाइट मोजून कापले, तर शेवटचे चिन्ह मधोमध तुटते. झिपमध्ये नाव यूटीएफ-८ मध्ये आहे हे सांगणारा एक वेगळा बिट असतो. तो चालू करायचा राहिला, तर उघडणारा प्रोग्रॅम जुन्या कोडपेजनुसार (अक्षरांच्या जुन्या तक्त्यानुसार) नाव वाचतो आणि अक्षरांच्या जागी चित्रविचित्र खुणा दिसतात.

४. दुरुस्ती लहान ठेवावी

एका बदलात एकच दोष दुरुस्त करावा. जाता जाता फंक्शनची नावे बदलणे, कोडची मांडणी सुधारणे ही कामे स्वतंत्र बदल म्हणून करावीत, कारण पुढे काही बिघडले तर नेमका कोणता बदल मागे घ्यायचा हे स्पष्ट राहते.

संग्रहातून वाचलेल्या कोणत्याही आकड्यावर किंवा नावावर विश्वास ठेवू नये. नावात ‘एक फोल्डर वर जा’ असे सांगणारे दोन टिंबांचे तुकडे असले, तर फाइल ठरलेल्या फोल्डरच्या बाहेर जाऊन पडू शकते; २०१८ मध्ये ‘झिप स्लिप’ या नावाने हाच दोष असंख्य प्रकल्पांत आढळला. केवळ नाव तपासून भागत नाही. आधी बाहेरच्या फोल्डरकडे नेणारा सिम्बॉलिक लिंक (दुसऱ्या जागेकडे बोट दाखवणारी नोंद) संग्रहातून काढायचा आणि नंतर त्याच्या आडून फाइल लिहायची, हा मार्गही बंद करावा लागतो.

दुरुस्ती स्वतःच नवा दोष कसा आणते, याचा एक बोलका दाखला आहे. २०१९ मध्ये डेव्हिड फिफील्ड यांनी एकमेकींवर चढलेल्या नोंदींचा असा झिप संग्रह दाखवला, की १० एमबीची फाइल उघडल्यावर २८१ टीबी होते. त्यावर मार्क अॅडलर यांनी अनझिप या झिप उघडणाऱ्या प्रोग्रॅमसाठी अशा चढलेल्या नोंदी ओळखून थांबणारी दुरुस्ती लिहिली. पण फायरफॉक्स आपल्या एका झिपसदृश फाइलची अनुक्रमणिका शेवटी ठेवण्याऐवजी भलत्या जागी ठेवत होता, आणि नवी तपासणी त्या निरुपद्रवी फाइललाही घातक ठरवू लागली. अशा फाइलला मागाहून सवलत द्यावी लागली. संग्रह लिहिणारे प्रोग्रॅम रचनेचे नियम किती सैलपणे पाळतात, हे केवळ नियम वाचून कळत नाही.

५. जुन्या संग्रहांच्या साठ्यावर चालवून पाहावे

म्हणूनच वेगवेगळ्या प्रोग्रॅमनी, वेगवेगळ्या काळात बनवलेल्या संग्रहांचा एक साठा जवळ बाळगावा, आणि प्रत्येक दुरुस्तीनंतर तो सगळा उघडून प्रत्येक फाइलचा चेकसम (मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) आधीच्या नोंदीशी ताडून पाहावा. या साठ्याइतका उपयोगी दुसरा कोणताही भाग आर्काइव्हरच्या प्रकल्पात नसतो, असे माझे ठाम मत आहे. याशिवाय आपण बनवलेला संग्रह दुसऱ्या प्रोग्रॅमने उघडतो का, हेही पाहावे. स्वतःच लिहून स्वतःच वाचले, तर दोन्हीकडची सारखीच चूक लपून राहते. मेमरीतील चुका पकडण्यासाठी अॅड्रेस सॅनिटायझर चालू ठेवून फझिंग करावे, म्हणजे प्रोग्रॅमला मुद्दाम मोडतोड केलेले हजारो संग्रह द्यावेत.

साठ्यातील प्रत्येक फाइल कुठून आली याची नोंद मात्र हवीच. २०२४ च्या मार्चमध्ये एक्सझेड या डेटा दाबणाऱ्या प्रोग्रॅमच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत उघडकीस आलेला घातक कोड चाचणीच्या दाबलेल्या फाइलींतच लपवलेला होता, आणि त्याला जागे करणारा एक तुकडा केवळ प्रसिद्ध केलेल्या संग्रहात होता, गिटमधील कोडमध्ये नव्हता. चाचणीच्या फाइली शक्यतो स्क्रिप्टने तयार कराव्यात आणि प्रसिद्धीचा संग्रह गिटमधील कोडशी जुळतो का, ते दरवेळी तपासावे.

६. लिहिण्याची बाजू निर्धोक करावी

आधीच्या संग्रहात फाइल जोडताना मूळ संग्रहावर थेट लिहू नये. त्याच फोल्डरमध्ये तात्पुरत्या नावाने नवा संग्रह लिहावा, तो खरोखर डिस्कवर उतरल्याची खात्री करावी आणि मगच नाव बदलून जुन्याच्या जागी आणावा. डिस्क भरल्याची सूचना काही वेळा फाइल बंद करतानाच मिळते, त्यामुळे बंद करण्याच्या कृतीचे उत्तरही तपासावे. संग्रह बनवल्यावर मूळ फाइली पुसण्याचा पर्याय असेल, तर नवा संग्रह पूर्ण वाचून पडताळल्याशिवाय एकही फाइल पुसली जाऊ नये.

७. बाहेरून घेतलेले भाग आणि मृत रचना

प्रोग्रॅमने कोणत्या लायब्ररी सोबत घेतल्या आहेत, याची यादी ठेवून वेळोवेळी त्या अद्ययावत कराव्यात. २०१९ मध्ये विनरार या आर्काइव्हरमध्ये सापडलेला गंभीर दोष एस (ACE) ही संग्रहाची जुनी रचना उघडणाऱ्या, २००५ पासून न बदललेल्या एका डीएलएल फाइलमध्ये, म्हणजे विंडोजवरील तयार लायब्ररीत, होता. तिचा मूळ कोड हाताशी नसल्यामुळे ती रचनाच काढून टाकावी लागली. ज्या भागाचा कोड आपल्याकडे नाही, तो भाग दोष सापडण्याची वाट न पाहता आधीच वेगळा काढण्याची योजना आखावी.

८. आवृत्ती प्रसिद्ध करावी

दुरुस्ती लिहिली म्हणजे ती लोकांपर्यंत पोहोचली असे होत नाही. झेडलिबमध्ये डेटा दाबताना मेमरी बिघडवणारा एक दोष २०१८ मध्ये कोडमध्ये दुरुस्त झाला, पण ती दुरुस्ती असलेली १.२.१२ ही आवृत्ती २०२२ मध्ये आली. डेटा गमावणारा किंवा सुरक्षेचा दोष असेल, तर बाकीच्या सुधारणांसाठी न थांबता तेवढ्याचीच छोटी आवृत्ती काढावी.

आवृत्तीसोबतच्या टिपणात ‘काही दोष दुरुस्त केले’ एवढेच लिहून वापरकर्त्याला काहीच कळत नाही. दोष कोणत्या आवृत्तीपासून होता, कोणत्या प्रकारचे संग्रह त्यात सापडले असतील, आपल्याकडचा संग्रह त्यांपैकी आहे का हे कोणत्या आज्ञेने तपासायचे आणि त्यातला डेटा परत मिळतो का, हे टिपणात स्पष्ट सांगावे. वर पाहिलेल्या ५ जीबीच्या उदाहरणात डेटा बहुधा पूर्ण शाबूत असतो. चुकलेला असतो तो आकाराचा रकाना, आणि डिफ्लेट प्रवाहाला स्वतःचा शेवट माहीत असतो. त्यामुळे नोंदवलेल्या आकाराकडे दुर्लक्ष करून प्रवाह संपेपर्यंत वाचणारा आणि शेवटी सीआरसी-३२ हा संग्रहात नोंदवलेला चेकसम जुळवून पाहणारा एक पर्याय त्याच आवृत्तीत द्यावा, आणि तो कसा वापरायचा हे टिपणाच्या पहिल्याच परिच्छेदात लिहावे.