लोड चढला, पण सीपीयू रिकामा: व्हर्च्युअल मशीनवर आधी काय तपासावं

पावसाळ्यात पणजी-मडगावच्या छोट्या ऑफिसांत सर्व्हर सांभाळणाऱ्यांना हे चित्र ओळखीचं असेल. वीज जाऊन येते आणि थोड्या वेळाने लिनक्स व्हर्च्युअल मशीनचा, म्हणजे खऱ्या संगणकावर चालणाऱ्या आभासी संगणकाचा, लोड पंधरावर दिसतो. चालू कामं दाखवणारी टॉप ही कमांड उघडावी तर सीपीयू जवळजवळ रिकामा. अशा वेळी घाईने सीपीयूचे कोअर वाढवून घेऊ नका, पैसे वाया जातील.

लोड म्हणजे सीपीयूचा वापर नव्हे. सीपीयूवर चालू असलेल्या, त्यासाठी खोळंबलेल्या आणि डिस्कच्या उत्तराची वाट पाहत अडकलेल्या अशा सगळ्या प्रोसेसची, म्हणजे चालू प्रोग्रॅमांची, ती सरासरी असते. अडकलेल्यांना लिनक्स १९९३ पासून मोजतं. रायबंदरच्या धक्क्यावर गाड्यांची रांग लागली म्हणून चोडण बेटाला जाणारी फेरीबोट भरलेली आहे असं होत नाही. कदाचित ती अजून पलीकडच्या काठालाच असेल.

आधी एनप्रॉक ही कमांड चालवून कोअर किती ते पाहा. चार कोअरवर चारचा लोड बिघाड नव्हे. मग अपटाइम या कमांडमधले १, ५ आणि १५ मिनिटांचे आकडे ताडून पाहा. पहिला उतरलेला आणि शेवटचा चढलेला असेल, तर त्रास सरत आला आहे. कारण दूर झालं तरी १५ मिनिटांच्या सरासरीत तेवढ्याच वेळानंतर जुन्या लोडचा सुमारे ३७ टक्के अंश उरतो.

आता व्हीएमस्टॅट ही कमांड दर सेकंदाला चालवा. पहिली ओळ सोडून द्या, ती मशीन सुरू झाल्यापासूनची सरासरी असते. ‘आर’ रकाना मोठा असेल तर सीपीयूसाठी खरंच गर्दी आहे. ‘बी’ मोठा असेल तर साठ्याकडे वळा: प्रोसेसची यादी देणाऱ्या पीएस कमांडमध्ये ‘डी’, म्हणजे उत्तराची वाट पाहत अडकलेल्या, अवस्थेतल्या प्रोसेस शोधा आणि त्या कोणत्या फोल्डरवर अडकल्या आहेत ते पाहा. वीज गेल्यावर बहुधा इथेच उत्तर सापडतं. दुसऱ्या खोलीतला एनएफएसचा, म्हणजे नेटवर्कवरून वापरला जाणारा, साठा उठलेला नसतो आणि त्यावर लिहिणारा बॅकअप ताटकळत असतो. प्रोसेस मारत बसण्यापेक्षा साठा पुन्हा सुरू करा. हार्ड माउंट असेल, म्हणजे उत्तर येईपर्यंत वाट पाहत राहील असा तो जोडलेला असेल, तर काम आपोआप पुढे सरकतं.

व्हीएमस्टॅटमधला ‘एसटी’, म्हणजे स्टील (हिरावलेला वेळ), हा रकाना व्हर्च्युअल मशीनवर कधीही चुकवू नका. आपल्या मशीनला काम करायचं होतं, पण होस्टने, म्हणजे ते ज्या खऱ्या संगणकावर चालतं त्याने, सीपीयू दुसऱ्या मशीनला दिला, तो वेळ इथे दिसतो. हा आकडा सतत चढा असेल तर दोष तुमच्या प्रोग्रॅमचा नाही. सेवादाराला आकड्यांसह कळवा किंवा मशीन दुसऱ्या होस्टवर हलवा. व्हीएमवेअर या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या प्रणालीवर मात्र तो बहुधा शून्यच दिसतो. तिथे होस्टवरचा ‘सीपीयू रेडी’, म्हणजे मशीन तयार असूनही सीपीयूची वाट पाहण्यात गेलेला वेळ, पाहावा लागतो.

कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, ४.२० किंवा त्यापुढचं असेल, तर प्रॉक फोल्डरखालच्या प्रेशर फोल्डरमध्ये सीपीयू, मेमरी आणि आयओ (डिस्कशी देवाणघेवाण) अशा फाइली सापडतील. लिनक्सच्या काही वितरणांत त्या बूट करताना चालू कराव्या लागतात. कोण कशासाठी खोळंबलं आहे हे त्या वेगवेगळं सांगतात. रात्री मोबाइलवर येणारा इशारा लोडऐवजी त्यांच्यावर बांधा.