एन्जिनएक्स आणि डॉकर नेटवर्कचा कोडचा तुकडा दुसऱ्याला देताना

एन्जिनएक्स या वेब सर्व्हरच्या कॉन्फिगमधल्या (सेटिंगच्या फाइलमधल्या) चार ओळी आपल्याकडे चालल्या की समोरच्याकडेही चालतील असे आपण धरून चालतो. पण मध्ये डॉकरचा कंटेनर, म्हणजे प्रोग्रॅम वेगळा ठेवून चालवणारी बंदिस्त चौकट, आला की त्या ओळींचा अर्थ त्या कुठे चालतात यावर ठरतो. म्हणून तुकड्याच्या डोक्यावर आधी एक वाक्य लिहावे: एन्जिनएक्स थेट होस्टवर (मूळ मशीनवर) आहे की कंटेनरमध्ये, आणि ॲप कुठे आहे.

हे वाक्य का हवे, ते विनंती ॲपकडे पुढे पाठवणाऱ्या प्रॉक्सी-पासच्या ओळीत दिसते. एन्जिनएक्स होस्टवर असेल आणि ॲपचा ३००० हा पोर्ट होस्टवर उघडलेला असेल, तर तिथे लोकलहोस्ट लिहिणे बरोबरच आहे. तीच ओळ कंटेनरमधल्या एन्जिनएक्सला दिली, तर लोकलहोस्ट म्हणजे तो कंटेनर स्वतः. आत ३००० वर कोणीच ऐकत नसल्यामुळे ५०२ची (ॲपपर्यंत पोहोचता आले नाही, अशी) पाटी समोर येते. अशा वेळी कंपोझ फाइलमधले (अनेक कंटेनर एकत्र चालवण्याच्या डॉकरच्या फाइलमधले) सर्व्हिसचे नाव लिहावे. त्या नावाचा पत्ता डॉकरचा अंतर्गत डीएनएस देतो, मात्र त्यासाठी दोन्ही कंटेनर आपण तयार केलेल्या एकाच नेटवर्कवर असावे लागतात, कारण डॉकरच्या मूळ ब्रिज नेटवर्कवर एकमेकांना नावाने शोधता येत नाही. कंपोझ असे नेटवर्क आपोआप बनवते. कंपोझशिवाय एकेक कंटेनर चालवणाऱ्या 'डॉकर रन'चा तुकडा देत असाल तर नेटवर्क बनवण्याची कमांडही सोबत द्यावी. पोर्टच्या '८०८०:३०००' या जोडीत डावा आकडा होस्टचा आणि उजवा कंटेनरचा असतो, आणि नेटवर्कच्या आतून जाताना उजवाच लागतो.

पत्त्याच्या शेवटच्या तिरक्या रेघेने माझी एक अख्खी दुपार खाल्ली आहे. एन्जिनएक्सच्या कॉन्फिगमधल्या लोकेशनच्या ओळीत '/एपीआय/' असेल आणि प्रॉक्सी-पासमध्ये पोर्टनंतर रेघ असेल, तर '/एपीआय/यादी' ही विनंती ॲपकडे नुसती '/यादी' म्हणून पोहोचते. रेघ नसेल तर पूर्ण मार्ग जसाच्या तसा जातो. त्यामुळे एक नमुना विनंती आणि ती ॲपपर्यंत कोणत्या रूपात पोहोचली, हे शेजारी लिहावे.

पासवर्ड, टोकन आणि खरे डोमेन काढून टाकावे. 'डॉकर कंपोझ कॉन्फिग'चे आउटपुट तर तपासल्याशिवाय चिकटवूच नये, कारण त्यात एन्व्हायर्नमेंट फाइलमधली मूल्ये (पासवर्डसकट) उलगडून छापली जातात. तुकडा मजकूर म्हणूनच द्यावा, स्क्रीनशॉट नको; कंपोझ फाइल ज्यात लिहितात त्या यामलमध्ये एक स्पेस सरकली तरी अर्थ बदलतो, आणि चित्रावरून स्पेस मोजत बसणे ही शिक्षाच आहे.

पाठवण्यापूर्वी तोच मजकूर रिकाम्या फोल्डरमध्ये चिकटवून चालवून पाहावा आणि 'एन्जिनएक्स -टी'ने तपासावा. ही तपासणी ॲपचा कंटेनर चालू असताना करावी. तो बंद असेल तर सर्व्हिसच्या नावाचा पत्ता मिळत नाही आणि कॉन्फिग निर्दोष असूनही एन्जिनएक्स चूक दाखवतो.