जैवविविधता मोजायला शिकताना

‘इथे किती प्रजाती आहेत?’ असं कुणी विचारलं, की मी आधी विचारते: किती जागेत शोधलंस आणि किती वेळ? दोन तास शोधणाऱ्याला अर्धा तास शोधणाऱ्यापेक्षा जास्त सापडणारच. म्हणून फील्डवर वहीत सर्वांत वर चौकटीचं (ज्या आखलेल्या तुकड्यात मोजतो त्याचं) माप, वेळ, हवामान आणि मोजणाऱ्याचं नाव लिहायचं. प्रजातींची यादी त्याखाली. एखादं रोप ओळखता आलं नाही तर अंदाजाने नाव ठोकून देऊ नका, ‘गवत क्र. ३’ लिहा, फोटो काढा, नमुना वाळवून ठेवा.

यादी झाली म्हणजे मोजणी झाली असं नाही. समजा, दोन चौकटींत प्रत्येकी १०० रोपं आणि ५ प्रजाती आहेत. एकीत प्रत्येक प्रजातीची २० रोपं, दुसरीत एकाच गवताची ९६ आणि बाकी चार प्रजातींचं एकेक रोप. प्रजाती तेवढ्याच, पण शॅनन निर्देशांक (प्रजाती किती आणि रोपं त्यांच्यात किती समान वाटली आहेत, हे एका आकड्यात सांगणारं माप) पहिलीत १.६१ आणि दुसरीत जेमतेम ०.२२. हे गणित एकदा तरी हाताने करा. (शॅननने १९४८ साली हे सूत्र मांडलं ते संदेशवहनासाठी, आपल्या परिसंस्था अभ्यासणाऱ्या लोकांनी ते उचललं.)

एकेकदाच दिसलेल्या प्रजाती ‘चुकून आल्या असतील’ म्हणून गाळायचा मोह होतो. नका गाळू. न दिसलेल्या प्रजाती धरून एकूण किती असाव्यात हे सांगणाऱ्या चाओ-१ या अंदाजाचा सगळा भार त्यांच्यावरच असतो. ४० प्रजाती सापडल्या, त्यांतल्या १० एकदाच आणि ५ दोनदाच दिसल्या, तर प्रत्यक्षात किमान ५० तरी असाव्यात असं तो सांगतो.

एवढा खटाटोप कशासाठी? अमेरिकेतल्या मिनेसोटात सीडर क्रीक इथे १९८७-८८च्या दुष्काळात प्रजाती जास्त असलेल्या गवताळ तुकड्यांचं उत्पादन निम्म्यावर आलं, तर मोजक्याच प्रजातींच्या तुकड्यांचं सुमारे एक अष्टमांशावर. कोरड झेपणारी एखादी प्रजाती असली, की ती बाकीच्यांची जागा काही अंशी भरून काढते. टिलमन आणि डाउनिंग यांचा हा १९९४चा निबंध वाचाच, पण त्यावरचे आक्षेपही वाचा. त्या तुकड्यांतली विविधता मुख्यतः नायट्रोजन खताच्या कमी-जास्त मात्रेमुळे बदललेली होती. मग फरक विविधतेचा की खताचा? तिथेच पुढे १, २, ४, ८ आणि १६ प्रजाती मुद्दाम पेरून केलेल्या प्रयोगात ही अडचण नव्हती.